साताऱ्याचा कॉल

"हे ॲप अगदीच टाकाऊ निघालं. ताई, माझा आवाज येतोय ना?" मनोहरराव लॅपटॉपवर वाकून ओरडत होते. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या घरात रोज सकाळी हेच चालायचं. साताऱ्याला बहिणीला व्हिडिओ कॉल लावायचा, बटणं बडवायची, खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा उद्धार करायचा. "पहिल्या ॲपमध्ये नुसत्या जाहिराती. दुसरं सारखं अपडेट मागायचं. आणि यात तर कुठलं बटण कशाचं, तेच कळत नाही!"

शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलेली त्यांची सून केतकी शेवटी वैतागून बाहेर आली. तिने आधी त्यांचा कॉल म्यूट केला.

"बाबा, ॲप ओके आहे. साउंड पण क्लिअर आहे. झटका आल्यापासून आत्यांची वाचाच गेलीय, हे माहितीये ना तुम्हाला? मग रोज नवीन ॲप कशाला?"

मनोहररावांची चुळबुळ थांबली.

"माहितीये गं. तब्येतीची चौकशी केली की ती रडायला लागते. मी या कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, तरच हसते."

केतकीने स्क्रीनकडे पाहिलं. आत्या वाट बघत होत्या. तिने म्यूट काढलं, खुर्ची ओढून सासऱ्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आत्या, आमच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर तर याहून भयंकर आहे. काल काय झालं, ऐका..."