सुई न लागलेली रेकॉर्ड

एडनाच्या मुलाला, क्लाइव्हला, जाऊन वीस वर्षं झाली. त्याच्या पंक बँडची एकमेव रेकॉर्ड तिने झिजून फुटेपर्यंत वाजवली. घरात त्याचा आवाज उरला नाही. आज जुन्या रेकॉर्डचा संग्राहक टॉमकिन्स त्याच रेकॉर्डची स्वतःची प्रत घेऊन बर्मिंगहॅमला आला, ध्वनिमुद्रण तिच्याच स्वयंपाकघरात झाल्याच्या दाखल्यावर सही मागायला. हातांत पांढरे हातमोजे, जणू बाळंतपणच करायचंय! “सही देते. आधी वाजव.” “छे, बाई! चाळीस वर्षांत सुई लागू दिलेली नाही.” “अरे रताळ्या, हे गाणं की लोणचं?” तिने खरकट्या हातांनीच तबकडी ओढून लावली. टॉमकिन्स कळवळला. गिटार केकाटली, क्लाइव्ह बेसूर बोंबलला. गाणं संपलं, तरी तिने सुई उचलली नाही. मग तबकडीतून तिचीच तरुणपणीची हाक आली, “मेल्या, चहा गार होतोय!” “आलो गं, आई!” “हे यात होतं?” टॉमकिन्स पुटपुटला. “मग आयुष्यभर काय कवटाळलंस?” एडनाने विचारलं.