टाचेतलं दुखणं

तस्लीम दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर पालथी पडून होती. खो-खो खेळताना तुटलेली टाचेमागची शीर शिवून वर्ष झालं, तरी दुखणं जात नव्हतं. प्रत्येक तपासणी ठीक यायची. प्रशिक्षकांपासून अम्मीपर्यंत सगळे म्हणायचे, मनातली भीती काढ. समजावून सांगून ती दमली होती.

नव्या यंत्राने टाचेवर प्रकाश टाकला, त्या प्रकाशाने आत उठलेला बारीकसा आवाज टिपला आणि शिरेतल्या तंतूंची दिशा पडद्यावर उमटवली.

डॉक्टरीणबाई बराच वेळ पाहत राहिल्या. "तंतू सरळ जुळलेच नाहीत गं, आडवेतिडवे गुंतलेत. यंदा खेळता येणार नाही."

"म्हणजे खरंच दुखतंय ना मला?"

"दुखणारच."

तस्लीमने डोळे मिटले. पायाशी उभी असलेली अम्मी हलक्या हाताने तिची पोटरी चोळू लागली.