एकाच डब्यातली आमटी

चार परीक्षानळ्यांपैकी दोन काळ्या पडल्या होत्या आणि दोन पाण्यासारख्या स्वच्छ होत्या. विष्णुपंत नृसिंहाच्या खोलीवर आले होते आणि दोघेही नळ्यांसमोर खुळ्यासारखे उभे होते.

"एकाच डब्यातली आमटी," नृसिंह म्हणाला. सकाळपासून तो एवढंच म्हणत होता.

लढाईमुळे कथील मिळेनासं झालं होतं, आणि नगरात भांड्यांना कथलाचा मुलामा देणारे कुणी कुणी कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात अशी बोलवा होती. शिसं चवीला कळत नाही. कळतं ते पोटात गेल्यावर, आणि पोरांना आधी. म्हणून अन्नातलं शिसं हुडकायच्या पद्धती हे दोघे रसायनवाले मिळून बसवत होते. नृसिंह बंगलोरला शिकून आलेला, खाणावळीत जेवणारा सडाफटिंग. त्याची पद्धत लांबलचक होती: आमटी जाळायची, राख आम्लात विरघळवायची, मग त्यात वायू सोडायचा. नळी काळी पडली की शिसं. विष्णुपंत हायस्कुलात रसायन शिकवीत. त्यांनी घरच्या पडवीत बसून एक झटपट पद्धत काढली होती, तिच्यातही शिशाने नळी काळीच पडे, आणि नृसिंहाच्या जाळपोळीला ते मनातून हसत असत.

अशात बोर्डिंगातल्या दोन पोरांची पोटं दुखू लागली. विष्णुपंत तिथली आमटी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या डब्यात घरी घेऊन आले. त्यातली एक बाटली भरून ठेवून त्यांनी तपासली. शिसं नाही. "खुशाल वाढा," त्यांनी सांगितलं आणि साठ पोरं जेवली. दुसऱ्या दिवशी नृसिंहाने त्याच्याकडे पाठवलेल्या डब्यातली आमटी तपासली, तर नळी काळीकुट्ट. तेव्हापासून विष्णुपंतांना अन्न गोड लागत नव्हतं.

आज त्यांनी अदलाबदल केली होती. बाटलीतली आमटी नृसिंहाने जाळली आणि डब्यातली विष्णुपंतांनी तपासली. बाटलीतली दोघांच्याही हातून स्वच्छ निघाली. डब्यातली दोघांच्याही हातून काळी.

"म्हणजे पद्धती जुळताहेत," विष्णुपंत म्हणाले. "आमटी जुळत नाही."

"बाटली भरताना ढवळली होती का तुम्ही?"

"अरे, आमटी ढवळून घ्यावी हे कळायला बंगलोरला जावं लागत नाही."

नृसिंहाने पाणी बदलून पाहिलं होतं, नळ्या बदलून पाहिल्या होत्या. आता बदलायला ते दोघेच उरले होते.

बोर्डिंगचा गहिनीनाथ दारात येऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावर साठ पोरांचा स्वयंपाक होता.

"मास्तर, पोरं पंगतीला बसल्यात. आमटी वाढू का वतून दिऊ?"

नृसिंहाने विष्णुपंतांकडे पाहिलं.

"कालधरनं भाकर-मिरचीवर हायेत. बारकी लई कावल्यात. काय त्ये एक सांगा."

विष्णुपंतांनी नळ्यांकडे पाहिलं. हो म्हणावं तर दोन काळ्या, नाही म्हणावं तर दोन स्वच्छ. डब्यातली आमटी खरी मानली तर परवा आपण साठ पोरांना विष वाढायला लावलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. त्यांनी घाम पुसला.

तेवढ्यात विजया, विष्णुपंतांची बायको, भाजीची पिशवी घेऊन आत आली. मंडईतून परतताना ती सहज डोकावली होती.

"भावोजी, डबा मोकळा झाला असेल तर नेते. आमटी आवडली का?"

नृसिंहाला काही कळेना. "कुठली आमटी, वहिनी?"

"परवा पाठवली ती. हे म्हणाले, एवढा डबा नृसिंहाकडे पाठव. उघडून बघते तर तळाशी शिळी आमटी, नुसतं पाणी. एकट्या माणसाला असलं कसं पाठवायचं? ती मोरीत ओतली, डबा घासला आणि घरची ताजी भरून दिली. चिंच जरा जास्तच पडली होती."

विष्णुपंत मोठ्याने हसले.

"दोन आमट्या. अरे नृसिंह, दोन आमट्या होत्या. जा गहिनीनाथ, वाढ. पोटभर वाढ. तुमच्या आमटीत काही नाही."

"मंजी पोरांचं पोट कशानं दुखलं?"

"बोरं खाल्ली असतील कच्ची. जा तू."

गहिनीनाथ धावतच गेला. विष्णुपंतांनी नृसिंहाच्या पाठीवर थाप मारली. दोन दिवसांचं ओझं उतरलं होतं. "तुझीही बरोबर, माझीही बरोबर. उगाच एकमेकांवर संशय घेत बसलो."

नृसिंह हसला नाही. त्याने एक काळी नळी उचलून उजेडात धरली.

"वहिनी, घरच्या भांड्यांना कल्हई कधी केलीत?"

"संक्रांतीच्या आधी. दारावर आला होता एक, स्वस्तात करून गेला. का हो?"

विष्णुपंतांचा हात नृसिंहाच्या पाठीवर तसाच राहिला.

"नीलू कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"घरीच की. महिना झाला, पोट दुखतंय म्हणून ताटावर बसत नव्हती. आज तुमच्या लेकीनं आपण होऊन आमटी मागितली," विजया कौतुकाने म्हणाली. "म्हटलं, जाऊ देत चार घास पोटात. पातेलंच तिच्यापुढे ठेवून आले."