रविवारचा सर्वर

दुष्काळाच्या सालांत पाचोडची दोस्तमंडळी पांगली, कुणी पुण्याला गेलं, कुणी सुरतला. भारतनं आईला घेऊन संभाजीनगरात खोली केली अन् घरच्या कॉम्प्युटरवर गेमचा सर्वर टाकला, म्हंजी रविवारी तरी सगळे एका जागी खेळतील. बाहेरच्यांना आत यायचं तर राऊटरमधी पोर्ट फॉरवर्डची सेटिंग करावी लागती. गडी ती रोज संध्याकाळी करायचा, अन् दुसऱ्या दिशी ड्युटीवरनं येऊन बघावं तर सगळी पुसलेली.

सुरतचा खंडेराव फोनवर म्हणला, "भारत्या, तुमच्याकडं नळाला आठ दिवसांनी का व्हईना पाणी येतं. तुझा सर्वर तेवढाबी येत नाय. या रविवारी नाय झालं तर आम्ही दुसरीकडं खेळतो गड्या."

भारतनं नेटवाल्याला घरी बोलावलं. नेटवाल्यानं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरचा राऊटर उलटासुलटा करून बघितला.

"मागच्या बारक्या भोकात काडी घालून दाबलं तरच सगळं पुसतंय, भाऊ. घरात बारकं लेकरू हाय का?"

"नाय ओ. मी अन् आई, दोघंच."

तेवढ्यात भारतची आई मंजुळाबाई चहा घेऊन बाहेर आली.

"बघा की दादा, पोरगं लई परेशान हाय. त्याचं काम व्हावं म्हणून देवासंगं त्या डब्ब्यालाबी रोज सकाळी उदबत्ती लावते मी. भोक तेवढं लई बारीक ठिवलंय, जोर लावून खोचावी लागती."