नगराध्यक्षांच्या खिडकीतला दिवा

वादळी पावसाने नदी फुगली होती. घरं सोडायला सांगणाऱ्या नगरपालिकेच्या भोंग्यापेक्षा कानाएच्या सासूबाईंचा समोरच्या खिडकीवर जास्त विश्वास.

"नगराध्यक्ष मोरिवाकींच्या घरी दिवा जळतोय, तोवर मी हलायची नाही. तू जा, भित्री भागूबाई!"

कानाए तान्हीला पाठीशी बांधून टेकडीवरच्या शाळेत पोचली. मागोमाग वाटेतला पूल पाण्याखाली गेला, घरचा फोनही लागेना.

शाळेत तिच्या हातावर गरम ओनिगिरी, भाताचा मुटका, ठेवणारी बाई मोरिवाकींचीच बायको निघाली. कानाएला रडू फुटलं. "वहिनी, सासूबाई तिकडेच राहिल्या हो! तुमचा दिवा बघत बसल्यात."

"अगं बाई! लोकांनी घाबरू नये म्हणून ह्यांनी तो मुद्दाम चालू ठेवायला लावला. आम्ही तर दुपारीच निघालो."