टेकचंदच्या वजनाची हवा

आंबागडच्या किल्ल्याची आन! यातला एक शब्दबी खोटा निघाला त माही जीभ झडून हातात येईन. मालन भंडाऱ्याच्या त्या मोठ्या दुकानात सायकलीवर बसली होती, तिचे दोन्ही पाय हवेत लोंबकळत होते, आन् सारं दुकान हासून राह्यलं होतं.

"उतरा बाई, उतरा," दुकानाचा मालक टेकचंद म्हणला. त्याचं पोट काऊंटरच्या अलीकडं, बाकीचा माणूस पलीकडं. "ही पहाडावरची सायकल आहे. पाळण्यात बसल्यावानी पाय हालवून चालत नाई."

मालनच्या डोस्क्यात इंगळ फुलले. आल्या आल्या यानंच इचारलं होतं, "धाकट्या भावासाठी पाहून राह्यल्या का?"

"माह्यासाठी," मालन म्हणली होती. तेव्हापासून त्याचे दात आत गेलेच नव्हते.

ठेंगणी त ती होतीच. दाराची वरची कडी तिले जनमात सापडली नाई. राशनच्या रांगेत मागचा माणूस म्हणे, पुढं कोणीच नाई, सरका ना. पण येत्या इतवारी किल्ल्यावरून खाली गावापर्यंत सायकलीची शर्यत होती, आन् मालननं नाव देल्लं होतं. नाव देल्लं तेव्हा सारं गाव हासलं होतं. तो उतार तिच्या पायाखालचा. डोक्यावर मोळी घेऊन उतरलेला. कोन्ता गोटा हालते आन् कोन्ता नाई, तिले झोपेतबी मालूम. मागच्या साली साध्या सायकलनं उतरून पाह्यलं त कमरेचा खुळखुळा झाला. म्हणून तिले अशी सायकल पाह्यजे होती जिले पुढंबी शॉक आन् मागंबी शॉक. गोट्यावर आदळली त दणका सायकलनं खावा, मालनच्या कमरेनं नाई. थे भेटली नाई त शर्यत गेली, आन् गाव आणखी एक साल हासलं.

तुमसरच्या दुकानात तिले गुलाबी सायकल दाखवली. टोपलीवाली, बाहुलीचे ष्टिकर लावलेली. गोंदियाले म्हणले, बिना शॉकची लेडीज घ्या ना. दोन्हीकडून मालन शिव्या देतच बाहेर निघाली. आन् इथं, शेवटी, सायकल बरोबर तशीच होती. दोन्ही शॉक. चाकं जराशी लहान, दांडी खाली. शीट पार बुडापर्यंत बसवलं. तरी पाय भुईपासून चार बोटं वरच.

टेकचंदले आता चेव आला. गिऱ्हाइकायकडं पाहून तो मोठ्यानं म्हणला, "ऐका हो सारे! या बाईचे पाय भुईले टेकले त सायकल फुकट!"

मालन उतरली. तिच्या गावात असल्या माणसाचा एकच इलाज. त्याच्या चाकाची हवा सोडाची आन् घरी जाऊन भात खाचा. आंबागडात मोठमोठ्या साहेबायच्या जीपा अशाच भुईले बसवल्या आहेत. तिनं बुचड्यातला आकडा उपसला, सायकलीच्या मागच्या अंगाले उकीडवी बसली. रागानं डोळ्यापुढं अंधारी आलेली. नाकासमोर टोपण लावलेली नळी दिसली, चाकाले असते तशीच. तिनं टोपण भिरकावलं आन् आकडा खुपसला.

फुस्स्स.

पण थे चाक नव्हतंच. थे होती शीटाखालच्या मागच्या शॉकची नळी. या शॉकमंदी स्प्रिंग नाई, बसणाऱ्याच्या वजनाची हवा भरतात. उंच माणूस बसला असता त त्याचं नाक वर गेलं असतं. मालनचं नाक बरोबर तिथीच आलं.

"अवो, शॉकची हवा काहून काढून राह्यल्या?" टेकचंद बोंबलला. "मी चालवतो सकाळी! माह्या वजनाची भरलेली आहे थे!"

तिनं टेकचंदच्या पोटाकडं पाह्यलं, मंग स्वतःकडं पाह्यलं. तिच्यासारख्या तिघी त्याच्या एका सदऱ्यात मावल्या असत्या.

"म्हंजे हवा तुमची," ती म्हणली, "आन् बुटकी मी?"

तिनं पदर कमरेले खोचला आन् शीटावर बसली. म्हैस तळ्यात बसते तशी सायकल तिच्याखाली हळूच बसली. डावा पंजा भुईले लागला. मंग उजवा.

"टेकले, टेकचंद!" मागून कोणीतरी ओरडलं, आन् दुकान पुन्हा हासलं. या बारीले दुसऱ्याच माणसाले.

"हे चालत नाई," टेकचंदनं काऊंटरवर हात आपटला. "हवा भरून पाय टेकवाचे होते!"

"पाय टेकले त, येवढंच म्हणले तुमी. आता गुमान हवा भरा. माह्या वजनाची."

त्यालेच भरा लागली. पंप दोन-चारदा काय दाबला, झालं. पंजे भुईलेच राह्यले. मालन धन्यवाद न म्हणता सायकल घेऊन निघाली. राग तिचा इतवारपर्यंत उतरला नाई, आन् त्याच रागात ती किल्ला उतरली. जवान पोट्टे गोट्यायमंदी लोळले, ती त्याच गोट्यायवरून पुढं निघून गेली. वाटेत बिबट बसला होता. तिचं तोंड पाहून तोबी बाजूले झाला.

आता तुमी म्हणसान, सायकल फुकट भेटली हे खोटं आहे. नाई. म्हणसान, बिबट खोटा आहे. बिबट एकदम खरा, जाऊन त्याले इचारा. एकच शब्द म्या बदलवला. टेकचंदनं 'धाकट्या भावासाठी' नाई इचारलं. 'नातवासाठी' इचारलं.

नातू आहे मालनले. पण त्याले सायकल येतच नाई.