एका हाताचा चाकू

निवृत्तीनंतर फिटरकाकांना घडीच्या चाकूंचं वेड लागलं. दुकानदार नवा माल काउंटरवर मांडायचा आणि काका एकेक चाकू डाव्या हातात घेऊन नाक मुरडायचे. नखाच्या खाचेत नख घालून पातं ओढायचं, तर दोन्ही हात अडकले. अंगठ्याने सरकवायचा बरा, पण बिजागरी घट्ट. बटण दाबून उघडणारा झकास, पण खटका असा वाजायचा की झोपलेलं माणूस ताडकन उठून बसावं.

"काका, उजवा हात तर चांगला धडधाकट दिसतोय," दुकानदार एकदा वैतागून म्हणाला. "मग सगळं डाव्यानेच कशाला?"

"उजवा बायकोने धरलेला असतो. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, पण हात सोडला की घाबरते. पेअर कापून भरवायचं तर डावाच उरतो. आणि उघडी सुरी तिच्याजवळ ठेवायची सोय नाही, हाताला लागेल ते उचलते."

दुकानदाराने ते मनावर घेतलं. बऱ्याच दिवसांनी काका आले, तेव्हा त्याने हसतच एक चाकू पुढे केला. "घ्या! उघडायला एक हात, मिटायलाही तोच. आणि आवाज म्हणाल तर नावाला नाही."

काकांनी तो डाव्या हाताने उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"लाखात एक आहे रे," ते म्हणाले आणि चाकू मिटून अलगद परत ठेवला. "पण मला आता तो नखाच्या खाचेचाच दे. दोन्ही हात मोकळे झालेत."